उष्टा डोळा

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात माझं काम साधं:
दोन पत्रे शेजारी धरायचे आणि सांगायचं,
हा तोच आहे की नाही.

पहिल्याच दिवशी मढवीकाकांनी हातातला पत्रा काढून घेतला.
"आत्ता काय बघत होतीस?"
लाल. ग्रिलला लावतात तो.
"मग डोळा उष्टा आहे तुझा.
उष्ट्या डोळ्याने दुसरा रंग चाखायचा नाही."
ड्रॉवरमधून त्यांनी एक पुठ्ठा काढला,
वहीएवढा, करडा, कसलीच चमक नसलेला.
"वीस आकडे मोज. चूळ भर."

अकरा वर्षं मी चुळा भरते आहे.
एकदाच घाईत राहून गेली.
दिवसभर हिरवा बघून बाहेर पडले
तर ऐरोलीच्या पुलावरून खाडीचा चिखल
गुलाबी दिसला, इतका, की मी फोटो काढला.
रात्री पाहिला. चिखल.

डोळ्याचं एक वेळ ठीक आहे.
त्या दिवशी सुटता सुटता साहेब म्हणाले, "बघू."
आणि घरी, घणसोलीत, हिमानी म्हणाली, "बघू."
तिचं बघू म्हणजे नुसतं बघू होतं,
दुसरी चप्पल कॉटखाली आहे का ते.
मी तिला जे उत्तर दिलं
ते रबाळ्याचं होतं.
तिने चप्पल न घालताच दार ओढून घेतलं.

मग बाबा.
वाशीच्या हॉस्पिटलात एकोणीस दिवस.
सकाळी जाऊन खालची पापणी ओढून बघायची,
आज किती उतरलंय.
तिथून थेट कामावर.
त्या आठवड्यात शाळेच्या भिंतींचा पांढरा आला होता.
मी तीनदा परत पाठवला. पिवळट आहे म्हटलं.
मढवीकाकांनी मशीनला लावला:
शून्य पॉइंट तीन. पास.
काही बोलले नाहीत. पुठ्ठा माझ्याकडे सरकवला.
मी म्हटलं, काका, मोजले वीस. चाळीस मोजले.

नियमाने पिवळ्यानंतर पांढरं
जरा निळं दिसायला हवं.
पण डोळ्याच्या मागे बसून जे बघतं
त्याला हा नियम लागू नसावा.
कावीळ बाबांना झाली होती,
पिवळं मला दिसत होतं.

भाजीवाल्याच्या बुबुळांत. वॉचमनच्या नखांत.
नव्या बेसिनमध्ये.
बाबा घरी येऊन महिना झाला, तळलेले बोंबील मागू लागले,
तरी ट्यूबलाइटखाली मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.
"बघतेस की तपासतेस?" ते म्हणाले,
आणि पेपर तोंडासमोर धरला.

मढवीकाका रिटायर झाले तेव्हा पुठ्ठा मला दिला.
आता तो पर्समध्ये असतो.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर
मी थांबते, काढते, वीस मोजते.
समोरच्या कल्लोळेबाईंना वाटतं गुडघे दुखतात.
त्यांनी तेलाची बाटली दिलीय.

कानाला असा पुठ्ठा कुठे मिळतो, मला माहीत नाही.
हाताला, म्हणजे डोअरबेलवरच्या बोटाला,
जे कधी कधी आधीच रागावलेलं असतं.

परवा पाहिलं तर पुठ्ठ्याचा एक कोपरा
पिवळसर झालाय. तेलाचा असेल.
किंवा कोपरा तसाच असेल, आणि मी.
हिमानीला बोलावलं. म्हटलं, नीट बघून सांग,
हा कसा दिसतो?

ती बराच वेळ बघत राहिली.
"करडाच की. म्हणजे, जरा निळा."

तिच्या बोटांवर नारिंगी खडू होता.
दुपारभर ती खाली मान घालून
एवढा मोठा सूर्य रंगवत होती.